बाटली कोमट होती

विहिरीबद्दलचं माझं पहिलं पत्रक मी छापखान्यात उभ्याउभ्या लिहिलं. खिळे जुळवणारा एकेक ओळ माझ्या हातातून ओढून घेत होता आणि मी पुढची लिहीत होतो. ‘गल्लीकरांनो, तुम्ही पाणी पीत नाही, मैला पिता,’ हे त्याचं पहिलं वाक्य. मला ते फार आवडलं होतं. आजही आवडतं. त्यात खोटं काही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात खरं कुठं संपलं आणि खोटं कुठं सुरू झालं हे माझं मलाच अजून नीट लावता आलेलं नाही.

आमचं घर धुळ्यात, पांझरेपासून हाकेच्या अंतरावर. लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षाची गोष्ट. मी तेवीस वर्षांचा, कॉलेज अर्ध्यात सोडलेला, पत्रकं काढणारा. दारूवर एक, हुंड्यावर दोन, उपासतापासांवर एक आणि मग विहिरीवर. घरात आम्ही तिघंच: थोरला भाऊ, त्याला मी दादा म्हणतो, वहिनी आणि मी. दादा जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखायचा. रुईचा पुंजका चिमटीत धरून धागा ओढायचा आणि कापूस कुठल्या शिवारातला ते सांगायचा. वहिनी दोंडाईच्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी, बोलणं थोडं आणि हात चालता. मी त्या दोघांच्या ताटात जेवून समाज सुधारत होतो.

गल्लीची विहीर एकच. तिच्यापासून दहा हातांवर गल्लीच्या पंचांनी शोषखड्डा खणून घेतला होता. सगळ्यांच्या मोऱ्या त्यात, आणि पावसाळ्यात संडासांची धुणावळही त्यात. खड्डा तुंबला की ते पाणी जातं कुठं, हे विचारायला फार अक्कल लागत नाही. पंच म्हणायचे, माती पाणी गाळते, वाडवडिलांपासून गाळत आली आहे. श्रावणात निम्म्या घरांत रक्ती आव लागली तेव्हाही मातीच गाळत होती.

त्याच सुमाराला गल्लीच्या तोंडाशी एका तरुण डॉक्टरनं दवाखाना मांडला होता. मुंबईहून शिकून आलेला, माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठा. त्याच्याकडे सूक्ष्मदर्शक होता. लोक त्याला दुर्बीण म्हणायचे. तो सांगायचा की आव म्हणजे एकच रोग नव्हे. एक आव अगदी बारीक जंतूंची, आणि एक अमीबा नावाच्या त्याहून मोठ्या किड्याची. एमेटिनची सुई फक्त अमीबावर चालते, दुसऱ्यावर टोचली तर नुसतं विष. म्हणून आधी बघायचं, मग टोचायचं. आणि बघायचं तर नमुना ताजा हवा, कोमट असतानाच काचेवर यायला हवा. गार झाला की अमीबा हलायचा थांबतो, गोळा होऊन पडतो, मग त्याला ओळखणं कठीण. गल्लीतले लोक तोंड वाकडं करत बाटल्या घेऊन गेले. त्यानं बहुतेकांत अमीबा दाखवला, सुया टोचल्या, आणि चौथ्या दिवशी माणसं उठून बसली. मला तर ती सुई माझ्याच पक्षाची वाटायला लागली होती.

वहिनीचं दुखणं मात्र मला दिसलंच नाही. दिसत होते ते तिचे उपास. आधी सोमवार होता. मग गुरुवार आला, मग शनिवार, चतुर्थ्या, एकादश्या, आणि अश्विनात तर आठवड्यातून दोन दिवस जेवली तर जेवली. मी तिला माझं उपासांवरचं पत्रक चुलीपाशी बसून मोठ्यानं वाचून दाखवलं. ती भाकरी थापत ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली की अक्षरं चांगली छापली आहेत.

दिवाळी होऊन जिन सुरू झालं. एका रविवारी दादा घरी होता. वहिनी कळण्याची भाकरी तव्यावर टाकता टाकता तशीच बाजूला कलंडली. दादानं तिला उचललं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हिच्यात वजनच उरलं नाही. त्यानं काय विचारलं आणि तिनं काय सांगितलं ते मला भिंतीपलीकडून कळलं नाही, पण संध्याकाळी दादानं मला ओट्यावर बोलावून सांगितलं. मागच्या दिवाळीपासून तिला रक्त पडत होतं. वर्ष झालं होतं. मधे महिना दोन महिने आपोआप बरं वाटायचं, की परत सुरू. बेलफळाचा मुरंबा झाला, कुड्याच्या सालीचा काढा झाला, ईसबगोल झाला, सगळं तिनं चोरून केलं होतं. आमच्याकडे बायका कोंबडं आरवायच्या आत एकदा परसात जाऊन येतात, दुसऱ्यांदा दिवेलागणीनंतर. दिवसाउजेडी सहा सहा वेळा तांब्या उचलून दिरासमोरून जायचं कसं? पोटात गेलं नाही तर जावं लागणार नाही, म्हणून ती उपास धरत होती. ज्याला मी अंधश्रद्धा म्हणत होतो ती लाज होती. आता याच्यावर कुठलं पत्रक काढायचं ते सांगा.

मी मात्र तेव्हा गोंधळलो वगैरे नाही. मला आनंद झाला म्हणालो तर वाईट दिसेल, पण आनंदासारखंच काहीतरी झालं. आमच्याच घरात, त्याच विहिरीचं पाणी. मी धावत जाऊन डॉक्टरला आणलं. त्यानं नाडी पाहिली, पोट दाबलं, दुसरं काही दुखतं का विचारलं. वहिनीनं पदराआडून सांगितलं की गुडघे सुजतात, मधे एक डोळा लाल झाला होता, तोंडात फोड येतात. गुडघ्यांचं मी उडवून लावलं. ओल्या जमिनीवर बसतेस, सुजणारच, असं मीच तिला सांगितलं. डॉक्टरनं ते ऐकून पिशवी बंद केली. उद्या सकाळी नमुना पाठवा म्हणाला, कोमट हवा, अर्ध्या तासात हवा, आणि निघून गेला.

वहिनीनं पदर तोंडावर ओढला. म्हणाली, “आते हाई बी दखाडनं?”

हेही आता दाखवायचं का, असं ती विचारत होती, आणि मी तिला तासभर व्याख्यान दिलं. शास्त्राला लाज नसते, असं काहीतरी. कोमट, कोमट, कोमट, हे मी इतक्या वेळा बजावलं की शेवटी ती बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बाटली मागच्या दाराच्या उंबऱ्यावर ठेवलेली होती, वर केळीच्या पानाचा तुकडा सुतळीनं बांधलेला. मी हात लावून पाहिला. कोमट होती. मी ती सदऱ्याच्या आत पोटाशी धरली, वरून मफलर गुंडाळला आणि दवाखान्यापर्यंत पळत गेलो. वाटेत पंचांपैकी एक आबा दात घासत उभे होते. त्यांनी विचारलं की काय अंडी उबवतोस का. मी म्हणालो, तुमची विहीर उबवतोय.

डॉक्टर बराच वेळ नळीला डोळा लावून बसला. रक्त फार दिसत नाही म्हणाला. मी म्हटलं, कधी कमी असतं. पूही नाही म्हणाला. मग त्यानं काच हलवली, पुन्हा पाहिलं आणि मला जवळ बोलावलं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या नळीत पाहिलं. काचेच्या थेंबासारखं काहीतरी होतं, त्यानं एका बाजूनं बोटासारखा फुगवटा पुढं काढला आणि मग सगळं अंग त्या फुगवट्यात ओतलं. जिवंत होतं. विहिरीबद्दल मी जे जे लिहिलं होतं ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर सरकत होतं. घरी न जाता मी तसाच छापखान्यात गेलो. ‘विहिरीतला शत्रू सापडला’ असं दुसऱ्या पत्रकाचं नाव. आत लिहिलं की ज्यांना पुरावा हवा त्यांनी आमच्या घरी यावं, माझी वहिनी अंथरुणाला खिळली आहे आणि तिच्या पोटातला किडा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. पंचांची बैठक व्हायची होती, तिथं वाटायची म्हणून ती पत्रकं गठ्ठा बांधून वहिनीच्या खाटेखाली ठेवली. घरात दुसरी जागा नव्हती.

सुया सुरू झाल्या. रोज एक, मांडीत खोल. त्या दिवसांत रोग्यानं उठायचंही नसतं, कारण ते औषध हृदयावर बसतं. एक घमेलं, त्यात राख, आणि दादा सकाळ-संध्याकाळ जिनातून धावत येऊन तिचं सगळं करायचा. वहिनीला मळमळायचं. मांड्या दगडासारख्या घट्ट झाल्या. पाचव्या दिवशी नाडी इतकी पळायला लागली की डॉक्टरनं दोन दिवस सुई बंद ठेवली. मग उरलेल्या दिल्या. रक्त थांबलं नाही. थोडंही कमी झालं नाही.

गल्लीतली माणसं चौथ्या दिवशी उठली होती. तीच सुई, तोच डॉक्टर, तोच किडा. डॉक्टर यायचा, खाटेशेजारी स्टुलावर बसायचा, आणि मला वाटायचं की याच्याही डोक्यात काही तरी चुकतंय, पण सापडत नाही. दादा त्याला एकदा म्हणाला, डॉक्टर, मी कापूस हातात घेतल्याशिवाय भाव सांगत नाही, तुम्ही हिला नीट बघा. डॉक्टर म्हणाला, पाहिलंय, तुमच्या भावानंही पाहिलंय. दादा माझ्याकडे वळून बघत राहिला. मी मान डोलावली.

पंधरा दिवस विसावा दिल्यावर डॉक्टरनं दोघा भावांना ओट्यावर घेतलं. म्हणाला, सुयांचा दुसरा फेरा द्यायचा तर हृदय झेपेल की नाही सांगता येत नाही. न द्यावा तर रक्त जाऊन जाऊन ही अशीच संपेल. निर्णय तुमचा. दादा खाली बघत होता. द्या, असं मी म्हणालो. अमीबा मी पाहिला होता ना. तो मरेपर्यंत मारायचा, यात विचार करण्यासारखं काय, असंच मला वाटत होतं. दादा एवढंच म्हणाला की उद्या सकाळी या. डॉक्टर उठता उठता म्हणाला की सुईच्या आधी एक नमुना परत पाठव, नुसता नियम म्हणून.

सकाळी मी बाटली घेऊन मागच्या दाराशी उभा राहिलो. आमच्याकडे टोपलीचा संडास. रोज साडेसात-आठाच्या सुमाराला एक बाई येऊन मागच्या झडपेतून टोपली काढायची, डोक्यावरच्या डब्यात ओतायची आणि पुढच्या घरी जायची. तिला गल्लीत सगळे अगं-तुगं करायचे. मी दोन वर्षांपासून तिला मावशी म्हणत होतो आणि गल्लीलाही म्हणायला लावत होतो, याचा मला अभिमान होता. त्या दिवशी मी तिला बाटली दिली आणि म्हणालो की मावशी, वहिनीच्या घमेल्यातलं थोडं यात घाल.

तिनं बाटली हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि सहज विचारलं, “मागला येळसारखंच भरू, का आज वहिनीबाईनंच भरू?”

मला कळलं नाही. मी म्हणालो, म्हणजे काय, मागच्या वेळी कुणाचं भरलं होतंस?

“तुमनं व्हतं ते, भाऊ.”

ती घाबरली नव्हती, की लाजलीही नव्हती. तिनं जे सांगितलं ते असं. वहिनी पहाटे चारला जाऊन यायची. दादा उजाडायच्या आत जिनावर निघायचा, जाता जाता नदीकाठी. मी सात वाजता. टोपली उचलायला ती येईतो वहिनीचं खाली गार होऊन पडलेलं असायचं आणि वर माझं. त्या दिवशी वहिनीनं तिला बाटली देऊन सांगितलं होतं की टोपलीतलंच घाल, पण कोमट असेल तेच घाल, भाऊजींनी फार बजावलंय. “मंग गरम ते तुमनंच राहस,” ती म्हणाली.

मी विचारलं की तू हे मला आधी का सांगितलं नाहीस. सूर माझा पत्रकातलाच होता.

ती म्हणाली, “कोन्ही इचारं का माले?”

मग डबा डोक्यावर चढवता चढवता तिनं आणखी सांगितलं, आणि ते सांगताना आवाज जरा खाली घेतला. वहिनीबाईंचं रक्त ती मागच्या दिवाळीपासून बघत होती. गल्लीतल्या सगळ्या घरांचं ती बघते. श्रावणात ज्यांना आव झाली त्यांचं कसं दिसायचं, त्याला वास कसा यायचा, हे तिला पाठ होतं. “आवनं येगळं दिखस, भाऊ. हाई आव नही.” माझंही पोट फार दिवसांपासून नीट नाही, हेही तिला माहीत होतं. मला माहीत नव्हतं. म्हणजे सैल असायचं, पण ते मी खेड्यापाड्यांतल्या दौऱ्यांच्या आणि चहाच्या नावावर टाकत आलो होतो.

बाटली तिनं भरून दिली. वहिनीचंच भरलं. मी ती घेऊन घरात आलो तर डॉक्टर येऊन बसलेला. दवाखान्यात जाऊन नमुना बघून येईतो उशीर होईल, तर सुई देऊन टाकू आणि बाटली जाताना घेऊन जाऊ, असं त्याचं चाललं होतं. स्पिरिटच्या दिव्यावर सुई उकळत होती. वहिनी भिंतीकडं तोंड करून पडली होती. दादा तिच्या उशाशी. खाटेखाली माझा गठ्ठा.

मी लगेच बोललो, असं मला इथं लिहिता आलं असतं. मी बोललो नाही. संध्याकाळी पंचांची बैठक होती. त्या गठ्ठ्यावर माझं नाव छापलेलं होतं आणि ‘स्वतःच्या डोळ्यांनी’ हे शब्द जाड ठशात होते. मी मनाशी म्हणत होतो की ती बाई काय, काहीही बोलेल. तिला काय कळतं अमीबातलं. आणि हे म्हणत असतानाच मला कळत होतं की हे मी म्हणतोय, मावशी म्हणणारा मी. शिवाय हेही होतं की कदाचित दोघांच्याही पोटात तोच किडा असेल, एकाच विहिरीचं पाणी, मग सांगून फरक काय पडणार? हा विचार मला बराच वेळ पटत होता. डॉक्टरनं औषधाच्या काचेच्या नळीवर कानस घासली, तिची मान मोडायला बोटं लावली.

“थांबा,” मी म्हणालो. “तो अमीबा माझा होता.”

डॉक्टरला वाटलं की मला काही झालं. मी सगळं सांगितलं, चार वाजता, सात वाजता, वर काय आणि खाली काय, कोमट कोणतं. ऐकता ऐकता त्यानं ती न मोडलेली नळी डबीत परत ठेवली आणि दिवा फुंकला. दादानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं की असं का केलंस.

ती भिंतीकडेच तोंड करून म्हणाली, “माले वाटनं, बठ्ठासले सुई एकच शे. मंग कोनं बी दखाडं ते काय?”

गल्लीत सगळ्यांना तीच सुई मिळाली होती. बाटली म्हणजे डॉक्टरचा रिवाज, देवाला नैवेद्य दाखवतात तसा, असं तिला वाटलं. मी तिला तासभर लाजेवर व्याख्यान दिलं होतं, पण बाटली कशासाठी हे एका वाक्यातही सांगितलं नव्हतं. माझ्या डोक्यात ते इतकं स्वच्छ होतं की सांगायचं सुचलंच नाही.

त्या दुपारी दादा जिनावर गेला नाही. घमेलं केळीच्या पानानं झाकून त्यानं स्वतः हातात घेतलं आणि भर उन्हात गल्लीतून चालत दवाखान्यात गेला. आबा ओट्यावर बसले होते, बायका दारांत होत्या. डॉक्टरनं तीन दिवस ताजे नमुने पाहिले. रक्त आणि पू, पू आणि रक्त, अमीबा एकही नाही. एका नळीत थोडं भरून मुंबईला पाठवलं, तिथून कळलं की आवेचे जंतूही उगवले नाहीत. ते कळल्यावर डॉक्टर मला म्हणाला की श्रावणात त्यानं इतके अमीबा पाहिले होते की त्याला दुसरं काही सुचेनासं झालं होतं. तो माझी समजूत घालत होता की स्वतःची, कुणास ठाऊक.

जळगावला लष्करातून निवृत्त झालेले एक म्हातारे डॉक्टर होते, त्यांच्याकडे आतडं आतून बघायची दिव्याची लांब नळी होती. दादा वहिनीला घेऊन चाळीसगावावरून गाडीनं गेला. मी पिशवी धरून मागं. म्हाताऱ्यानं तपासून हात धुतले आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं. अमीबा असता तर आत सुटे सुटे खड्डे दिसले असते, मधली जागा चांगली. इथं चांगली जागाच नाही. खालपासून वरपर्यंत सगळं एकसारखं लाल, कापूस लावला तरी रक्त येतं. आतड्याच्या अस्तराचीच सूज आहे. गुडघे आणि डोळा त्याच्याबरोबरच येतात.

मी विचारलं, कशानं होतं? पाण्यानं?

ते म्हणाले, ठाऊक नाही.

मी म्हणालो, म्हणजे अजून तुम्ही शोधलं नाही की तुमच्याकडे ती सोय नाही? ते शांतपणे म्हणाले की कुणालाच ठाऊक नाही, विलायतेतही नाही. मला त्यांचा इतका राग आला की मी उठून बाहेर गेलो. आव असती तर विहीर होती, खड्डा होता, पंच होते. याला कोण आहे? कुणाच्या दारावर जायचं? व्हरांड्यात दादा मागून आला आणि म्हणाला की गाडीला वेळ आहे, तोपर्यंत तिच्यासाठी पिकलेली केळी बघून ये.

औषध म्हणावं असं काही नव्हतं. विश्रांती, लोह, रोज संध्याकाळी आतडं धुवायचं, मऊ भात, गाळलेलं दही, केळं, आणि तिखट बंद. खानदेशातल्या बाईला तिखट बंद म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. दादानं ठेचा घरातच बंद केला. म्हातारे म्हणाले होते की बरं वाटेल, मग परत उलटेल, मग परत बरं वाटेल, आणि सुयांचा दुसरा फेरा दिला असता तर तो विष टोचल्यासारखाच झाला असता. हे शेवटचं वाक्य दादानं मला दोनदा ऐकवलं, रागानं नव्हे, पण दोनदा.

सुया मलाही झाल्या. आमच्याच डॉक्टरनं टोचल्या. तिसऱ्या दिवशी मांडी पेटल्यासारखी झाली, ओकारी आली, छातीत धडधडायला लागलं, आणि उठायची बंदी. वहिनी भिंतीला धरून चालत पेज घेऊन आली. वाटी ठेवून म्हणाली, “आते कसं वाटस, भाऊजी?” तिच्या तोंडावर वर्षभरात पहिल्यांदा हसू होतं. मी वाटी हातात घेतली. तिनं हे दहा दिवस माझ्या किड्यासाठी सोसलं होतं.

पंचांची बैठक पुढं ढकलून घेतली होती. मी गेलो आणि उभं राहून खरं ते सांगितलं, की किडा वहिनीच्या नव्हे, माझ्या पोटात निघाला, पाणी मात्र तेच आहे. आबांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग झाकण विहिरीवर घालायचं की तुझ्यावर?” बैठक बराच वेळ हसत होती. मी बसलो. पण गंमत अशी की फाल्गुनात त्याच पंचांनी खड्डा बुजवला आणि लांब दुसरा खणला. माझ्या म्हणण्यामुळं, की डॉक्टरच्या, की आबांच्या सुनेला परत आव लागली म्हणून, मला माहीत नाही. मी खोटा पुरावा दिला असता तर बुजवला असता का? खरा दिला म्हणून बुजवला का? गठ्ठा अजून खाटेखालीच आहे. त्याच्या कोऱ्या बाजूवर मी हे लिहितो आहे.

चार वर्षं झाली. वहिनी आहे. दोन महिने चांगले जातात, की गुडघे दुखायला लागतात आणि मग रक्त. का उलटतं आणि का थांबतं, कुणाला सांगता येत नाही. एकच बदललं. आता ती उपास करत नाही, आणि दिवसा लागेल तेव्हा तांब्या उचलते. त्या वेळी दादा नेमका कापसाबद्दल मोठ्यानं बोलायला लागतो आणि मी पुस्तकात बघतो. पण कसं आहे, असं तिला विचारलं तर बरं आहे म्हणते. तेव्हाही म्हणायचीच.

म्हणून मी मावशीला विचारतो. डोक्यावरचे मैल्याचे डबे बंद व्हावेत, असं माझं पत्रक दोन वर्षांपासून अर्धं लिहून पडलं आहे. माणसानं माणसाचा मैला डोक्यावर वाहू नये यात मला कसलाही संशय नाही. तरी रोज आठच्या सुमाराला मी मागच्या दाराशी उभा राहतो, ती झडप उघडून बघते आणि सांगते, आज लाल शे, किंवा आज बरं शे. तेवढ्यावर आमच्या घरात मऊ भात शिजतो की भाकरी थापली जाते ते ठरतं. हे पत्रक कसं पुरं करावं ते मला कळत नाही.

परवा लाल होतं. काल थोडं. आज ती अजून आलेली नाही.